रेशनकार्डावरचे वाय-फाय

गारखेडा परिसरातील निवृत्त नायब तहसीलदार श्री. कारभारीराव दांडगे यांच्या राहत्या घरी वाय-फाय बसवण्याचा निर्णय मालनबाईंनी घेतला आणि तो कारभारीरावांनी जाहीर केला. त्या घरात सगळेच निर्णय याच पद्धतीने होत आणि या पद्धतीबद्दल पती-पत्नींपैकी कोणाचीही तक्रार नव्हती.

निर्णयामागचे कारण साधे होते. मुलगी सायली पुण्याला दिलेली. एका कंपनीच्या पगारांचे काम ती घरी बसून लॅपटॉपवर करत असे. लग्न झाल्यापासून माहेरी आली की दोन रात्री राहून ती परत जाई, कारण दांडग्यांच्या घरात नेट म्हणजे कारभारीरावांच्या मोबाइलचे, आणि तेही गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी उभे राहिले तरच मिळायचे. या वेळी मात्र तिने फोनवर सांगितले की, घरात धड नेट असेल तर साहेब महिनाभर तिकडून काम करू देणार आहेत. मालनबाईंनी फोन ठेवला आणि मागच्या खोलीतली गव्हाची कोठी, मोडका कूलर आणि पाहुण्यांच्या गाद्या बाहेर काढायला घेतल्या. ती खोली पूर्वी सायलीची होती.

वाय-फायवाला सरफराज ठरल्या दिवशी आला. ही या कथेतली पहिली अतिशयोक्ती समजावी. त्याने दिवाणखान्यात टीव्हीच्या वर एक पांढरा डबा लावला, मोबाइलमध्ये बोटे फिरवली आणि विचारले, "अंकल, गेस्ट बी टाकून देऊ का?"

गेस्ट म्हणजे काय, हे कारभारीरावांनी विचारले. सरफराजने सांगितले, "पाहुण्यांसाठी अलग नेट. नाव अलग, पासवर्ड अलग. स्पीड कमी ठेवायचा, टाइम लावून द्यायचा. टाइम संपला की आपोआप बंद. पाहुणा बी खूश, घरचं बी सेफ."

कारभारीराव खुर्चीतून उठून उभे राहिले. उभी हयात त्यांनी अशा कचेऱ्यांमध्ये घालवली होती, जिथे हक्काचा आणि बिनहक्काचा माणूस एकाच खिडकीवर एकाच रांगेत उभा राहत असे आणि दोघांना एकाच आवाजात परत पाठवावे लागे. येथे हा वीतभर डबा माणसांची दारातच प्रतवारी करून देत होता. हे यंत्र ज्याने काढले त्याने महसूल खात्यात नक्कीच काही वर्षे काढली असावीत, असे त्यांचे मत झाले. त्यांनी तत्काळ मंजुरी दिली. एका नेटवर्कचे नाव 'दांडगे घरचे' असे ठरले आणि दुसऱ्याचे 'दांडगे पाहुणे'.

प्रश्न एवढाच उरला की घरचे म्हणजे कोण. मालनबाईंच्या मते हा प्रश्नच नव्हता. "घरात ऱ्हातो तो घरचा. ह्यात काय ठरवायचं?" असे त्या म्हणाल्या. कारभारीरावांनी त्यांना समजावून सांगितले की, अशाच ढिल्या व्याख्यांमुळे तालुक्यातालुक्यांतली गायरानं नाहीशी झाली. पुरावा पाहिजे. आधार कार्डाने माणूस तोच आहे हे सिद्ध होते, पण तो कोणाचा आहे हे सिद्ध होत नाही. लाइटचे बिल कारभारीरावांच्या एकट्याच्या नावाचे होते आणि एकट्यासाठी वेगळे नेटवर्क ठेवणे त्यांनाही जरा जास्तच वाटले. उरले रेशनकार्ड. कार्ड पांढरे असल्यामुळे त्यावर दांडग्यांनी कधी पसाभर धान्य आणले नव्हते. पण घरात कोण कोण आहे हे सांगणारा याहून भारदस्त कागद सरकारने अजून काढलेला नाही.

कार्डावर चार नावे होती. कारभारीराव, मालनबाई, मुलगा शिवराज आणि कारभारीरावांच्या मातोश्री आवडाबाई. शिवराज बऱ्याच वर्षांपासून जर्मनीत होता आणि तिकडचा पाव खात होता. आवडाबाईंना जाऊन त्याहून जास्त वर्षे झाली होती. त्यांचे नाव कमी करायचे राहिले होते, कारण त्यासाठी पुरवठा शाखेत जावे लागते, आणि कारभारीराव स्वतः पुरवठा शाखेत बसलेले असल्यामुळे तिथे येणाऱ्या माणसाचे काय होते ते त्यांना पक्के ठाऊक होते. सायलीचे नाव कार्डावर नव्हते. ते लग्नानंतर रीतसर कमी केले होते. त्यासाठी मात्र कारभारीराव स्वतः रांगेत उभे राहिले होते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की साहेबांच्याच घरात नियम पाळत नाहीत.

"म्हंजे सासूबाईंना घरचं नेट अन् सायलीला पाव्हण्यांचं?" मालनबाईंनी विचारले.

"आईचा प्रश्न तत्त्वाचा आहे," कारभारीराव म्हणाले. "ती काही मागायला येणार नाही."

सुरुवातीलाच एक तांत्रिक अडचण आली. मागच्या खोलीत रेंज पोचेना. मध्ये स्वयंपाकघराची भिंत होती, लोखंडी कपाट होते आणि कपाटात मालनबाईंची पितळी भांडी होती. सरफराज हातात मोबाइल धरून घरभर फिरला आणि त्याने निदान केले की सिग्नल डाळीच्या डब्यापर्यंत येतो आणि तिथे मान टाकतो. त्याला पुढे ढकलायला मध्यावर रिपीटर लागेल. मध्य काढला तेव्हा तो सामाईक भिंतीच्या पलीकडे, शेजारच्या दाऊदभाईंच्या जिन्यात निघाला.

दाऊदभाईंचे गाद्यांचे दुकान होते. या भागात रस्ते नव्हते आणि चिखलातून चपला हातात घेऊन यावे लागे, तेव्हापासून ही दोन घरे एकमेकांना टेकून उभी होती. कारभारीरावांचे वाक्य पुरे व्हायच्या आत त्यांनी जिन्यातल्या दिव्याचा प्लग काढून जागा करून दिली. "लगाव ना साहेब, पूछने की क्या बात हय," ते म्हणाले. कारभारीरावांनी त्यांना सन्मानपूर्वक कळवले की, यंत्र आपल्या हद्दीत असल्यामुळे आपल्याला पाहुण्यांचे नेट देता येईल, मात्र रोजच्या रोज मागून घ्यावे लागेल. दाऊदभाईंनी आभार मानले आणि आमच्याकडं आमचं हाय म्हणून सांगितले. रिपीटर दाऊदभाईंच्या विजेवर चालणार होता, पण तो मुद्दा कोणी उपस्थित न केल्यामुळे आपोआप निकाली निघाला.

सायली येण्याआधी पाहुण्यांच्या नेटची चाचणी घेणे भाग होते. त्यासाठी चुलतभाऊ कडुबा यांची निवड झाली. कडुबा रोज फुलंब्रीहून शहरात नोकरीला येत आणि परतताना दांडग्यांकडे चहाला थांबत. त्यांना पासवर्ड सांगण्यात आला. दोन-तीन दिवसांत फुलंब्रीच्या बसमधली अर्धी मंडळी संध्याकाळी दांडग्यांच्या कंपाउंडला पाठ टेकवून, माना खाली घालून उभी राहिलेली दिसू लागली. कोणी बोलत नव्हते, कोणी चहा मागत नव्हते. मालनबाईंना आधी वाटले, घरात काही वाईट घडले आणि आपल्यालाच अजून सांगितलेले नाही.

कडुबांकडे खुलासा मागितला तेव्हा ते जराही ओशाळले नाहीत. "दादा, आपल्याला मिळालं ते चार जणांच्या हातावर ठिवावं," ते म्हणाले. "एकट्यानं खायाला काय जेलात हाव का आपुन?"

या उत्तराने कारभारीरावांची खात्री झाली की सवलत जनतेच्या हातात देणे हीच मूळ चूक आहे. त्यांनी पासवर्ड बदलला. पाहुण्यांचे नेट दर तासाला आपोआप तुटेल अशी व्यवस्था सरफराजकडून करून घेतली. यापुढे पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही. पाहुण्याने फोन कारभारीरावांच्या हातात द्यायचा, कारभारीराव डाव्या तळहाताचा आडोसा करून उजव्या हाताने पासवर्ड टाकणार, फोन परत. कंपाउंड दोन दिवसांत मोकळे झाले. नोकरीच्या सबंध काळात त्यांच्या एवढ्या जलद अंमलबजावणीचा दाखला नव्हता.

आणि मग सायली आली. खरे सांगायचे तर तिच्या येण्याचा आनंद कारभारीरावांना मालनबाईंपेक्षा तसूभरही कमी नव्हता. सकाळीच उठून ते गुलमंडीवरून तिच्यासाठी इमरती घेऊन आले होते आणि ती गरम राहावी म्हणून पुडा मफलरीत गुंडाळून आणला होता. सायलीने इमरती खाल्ली, हात धुतले, लॅपटॉप उघडला आणि पडद्यावरची दोन नावे पाहून विचारले, "अप्पा, घरच्याचा पासवर्ड काय?"

अप्पांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला, तळहाताचा आडोसा केला आणि पाहुण्यांचा पासवर्ड टाकून दिला. मग निकष समजावून सांगितला. सायलीला आधी ती थट्टा वाटली आणि ती मनापासून हसली. नियमाला हसलेले कारभारीरावांना खपत नसे, पण मुलगी नुकतीच प्रवासातून आली आहे हे लक्षात घेऊन त्यांनी तिकडे दुर्लक्ष केले.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. दर तासाला नेट तुटे. सायली मागच्या खोलीतून लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून दिवाणखान्यात येई, अप्पा पासवर्ड टाकत, ती परत जाई. अप्पा पूजेला बसलेले असले तर पूजा उरकेपर्यंत ती दारात थांबे. दुपारी ते आडवे झालेले असत. मालनबाई म्हणत, उठवते त्यांना. सायली म्हणे, नको, झोपू दे. मालनबाईंना त्या नेटमधले काही कळत नव्हते, पण आपली लेक आपल्याच घरात लॅपटॉपचे ताट घेऊन दारात उभी आहे एवढे त्यांना दिसत होते, आणि ते त्यांना सोसत नव्हते.

तिसऱ्या दिवशी तिची मोठी मीटिंग होती. वरचे साहेब होते, बाहेरगावची माणसे होती आणि सायली त्यांना काहीतरी समजावून सांगत होती. वाक्याच्या मध्येच तास भरला. ती धावत बाहेर आली तेव्हा कारभारीराव दाढी करत होते. गालाला फेस होता. त्यांनी आरशातूनच हात वर करून जरा थांबायला सांगितले, कारण ओल्या हाताने यंत्राला शिवू नये. दाढी झाली, तोंड पुसून झाले, पासवर्ड टाकून झाला. मीटिंगही झाली होती. साहेबांचा निरोप आला की, नेटची नीट सोय असेल तिथे बसून काम करा, नाहीतर पुण्याला परत या.

मालनबाई दिवाणखान्यात येऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "लेकीला म्हैनाभर ठिवून घ्याया हा डबा आणला व्हता," त्या म्हणाल्या. "ध्यानात हाय का?"

बाब सहानुभूतीपूर्वक विचाराधीन आहे, असे कारभारीरावांनी त्यांना कळवले.

बाब विचाराधीन असताना सायली लॅपटॉप काखेत मारून शेजारी गेली. दाऊदभाईंच्या पत्नी फहमिदा दारात लसूण सोलत बसल्या होत्या. सायलीने संकोचाने विचारले, "खाला, तुमच्या नेटचा पासवर्ड मिळेल का?"

फहमिदांनी मान वर केली. "तूच तर ठेवलती ना, कॉलेजात व्हतीस तवा. वोच हय अब तक. कौन बदलता?"

सायलीला आठवले. त्यांच्याकडे नेट नवे आले तेव्हा ते तिनेच लावून दिले होते. पासवर्डात आधी स्वतःचे नाव घातले आणि त्याला जोडून खालांच्या शेळीचे, शब्बोचे. शेळी कधीच विकली गेली होती. नाव तसेच होते. पासवर्ड टाकताच नेट लागले, आणि सायलीने उगाच पदराने... पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसले. फहमिदांना वाटले, लसणाचा उग्र वास डोळ्यांत गेला असेल.

तेव्हापासून ती तिथेच बसून काम करू लागली. मालनबाई दुपारचे ताट झाकून शेजारी नेऊन देत. तिच्या डोक्यावर जिन्यात कारभारीरावांचा रिपीटर हिरवा दिवा लावून, दाऊदभाईंच्या विजेवर, तिच्या रिकाम्या खोलीकडे पूर्ण क्षमतेने सिग्नल ढकलत होता.

याचा कारभारीरावांच्या जिवाला घोर लागला. गल्लीतले लोक विचारू लागले की, लेक आलीय म्हणता, मग दिसत का नाही. पाहुण्यांचे नेट असतानाही लेकीने शेजारी जावे, म्हणजे आपल्या व्यवस्थेत काहीतरी उणीव आहे, हे त्यांनी मान्य केले. नियम मोडणे शक्य नव्हते. पण सायलीला नियमात बसवणे शक्य होते. तिचे नाव रेशनकार्डात पुन्हा घालून घेतले की ती आपोआप घरची झाली. त्यासाठी सासरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. हा तोडगा सुचल्यावर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी कोणाला न सांगता त्याच संध्याकाळी पुण्याला व्याह्यांना फोन लावला.

"सायलीचं नाव तुमच्या कार्डातून कमी करून दाखला पाठवून द्या," ते म्हणाले. "इकडं घालून घ्यायचंय."

सरकारी पत्रव्यवहारात कारणे देण्याचा प्रघात नसल्यामुळे त्यांनीही ती दिली नाहीत. पलीकडून विहीणबाईंचा रडण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी जावई दारात उभे होते. अंबादासराव पुण्यात एका कारखान्यात सुपरवायझर होते आणि एरवी माहेर-सासरच्या भानगडीत न पडणारे गृहस्थ होते. आज अंगावर कालचाच शर्ट होता आणि दाढी वाढलेली होती. ते खुर्चीच्या कडेवर बसले. मालनबाईंनी दिलेले पाणी हातातच धरून त्यांनी विचारले, "मामा, माझं काय चुकलं?"

कारभारीरावांनी आधी त्यांचा फोन मागून घेतला आणि आडोसा करून पाहुण्यांचे नेट लावून दिले. जावयाच्या प्रवर्गाबद्दल कोणताही संभ्रम नव्हता. मग त्यांनी सगळा विषय सुरुवातीपासून मांडला. डबा, निकष, कार्ड, दाखला. अंबादासरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. सायली शेजारून येऊन दारात उभी राहिली होती, तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिले. मग पाणी प्यायले.

"पण मामा, नाव कमी कसं करणार?" ते म्हणाले. "आम्ही ते अजून घातलंच नाही. तिकडं कार्ड काढतो कोण? आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहून गेलं."

सायली कारभारी दांडगे ऊर्फ सायली अंबादास, हिचे नाव माहेरच्या कार्डावर नव्हते आणि सासरच्याही नव्हते. घरची म्हणून तिच्या नावाची नोंद असलेले ठिकाण उभ्या राज्यात एकच उरले होते, ते म्हणजे दाऊदभाईंच्या नेटचा पासवर्ड.

"अप्पा," सायली म्हणाली, "माझं नाव तुम्ही कधी काढलं होतं?"

"लग्नाच्या पुढच्या आठवड्यात. नियमानं."

"आजीचं अजून आहे ना?"

"आहे."

"मग माझ्याच नावाची एवढी घाई काय होती?"

या प्रश्नाला लागू होणारे परिपत्रक कारभारीरावांना आठवेना. पूर्वी कोणी असा अर्ज केल्याचेही आठवेना. ते पांढऱ्या डब्याकडे पाहू लागले. डब्यावरचे सगळे दिवे लागलेले होते.

दुपारी दोघे निघाली. मालनबाईंनी लेकीची बॅग दारात ठेवली आणि तिच्या शेजारी आणखी एक बॅग आणून ठेवली, ती त्यांची स्वतःची होती. "म्हैनाभर लेकीसंगं ऱ्हायाचं ठरलं व्हतं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "हितं नाय तर तिथं. भाजीवाली येती सकाळी, तेवढं बघा." निरोप द्यायला फहमिदा आणि दाऊदभाई फाटकापर्यंत आले. कारभारीराव दिवाणखान्यातच राहिले, कारण त्यांना चेहरा कसा ठेवावा ते कळत नव्हते.

सद्यःस्थिती अशी की, 'दांडगे घरचे' या नेटवर्कचे चारही सदस्य पात्र आहेत. त्यांपैकी एक जर्मनीत आहे, एक पुण्यात, एक स्वर्गात, आणि एक टीव्हीखाली खुर्ची टाकून बसलेला आहे. वेग उत्तम आहे.

काही दिवसांनी मालनबाईंचा व्हिडिओ कॉल आला. चित्र स्पष्ट होते. मागे सायली काम करताना दिसत होती, समोर चहाचा कप होता. प्रकृतीची विचारपूस झाल्यावर कारभारीरावांनी मनात घोळत असलेला प्रश्न विचारला. तू तिथे कुठल्या नेटवर आहेस, घरच्या की पाहुण्यांच्या?

"हितं एकच हाय," मालनबाई म्हणाल्या. "आल्या आल्या सायलीनं माझा ह्यो नवा फोन हातात घेतला अन् टाकून दिलं. काय इचारलं बी नाय."

कारभारीरावांनी फोन जरा जवळ धरला.

"तुमचा फोन बी हाय की हितं," मालनबाई पुढे म्हणाल्या. "दिवाळीला आलतो तवाच घातलाय पोरीनं. हितं आलात की आपोआप लागतंय."

कारभारीरावांना दिवाळी आठवली. पुण्याच्या त्या मुक्कामात त्यांचा फोन इतका सुरळीत चालला होता की, पुण्याचे टॉवर फार चांगले आहेत असे ते इकडे आल्यावर गल्लीत सगळ्यांना सांगत फिरले होते. आपल्याला कोणी घरचे करून घेतले, हे त्यांना कळलेच नव्हते, कारण त्यासाठी त्यांना कोणापुढे फोन धरावा लागला नव्हता.

कॉल संपल्यावर त्यांनी सरफराजला फोन करून पाहुण्यांचे नेटवर्क काढून टाकायला सांगितले. सरफराज म्हणाला, उद्या येतो. तो अजून आलेला नाही. पहिल्या वेळची अतिशयोक्ती त्याने अशी भरून काढली.

दरम्यान, वाचकांपैकी अनेकांच्या घरी एकच नेटवर्क असेल आणि कारभारीरावांना हसताना त्यांना बरे वाटले असेल. त्यांनी एवढेच करावे. लेक माहेरी येणार म्हटल्यावर तिच्या खोलीतून काय काय बाहेर काढावे लागते ते बघावे. आणि ती आल्यावर फ्रिज उघडताना "घेऊ का?" म्हणून विचारते का, तेही कान देऊन ऐकावे. विचारत असेल, तर पासवर्ड कोण टाकतेय आणि आडोशाला हात कोणाचा आहे, हे शोधायला सरफराजची गरज पडणार नाही.